पानं खुडायची राहिली

शुक्रवार, २४ जानेवारी. कुवेंपुनगर.

आज पार्कातल्या झाडांना नावाच्या पाट्या लागल्या. आमच्या यांनी लावलेल्या सफरचंदालाच नाही.

शेजारची रूपा कॉलेजात बॉटनी शिकवते, झाडं तीच ओळखत होती. तिनं पान उलटं करून बघितलं. कड दातेरी, खाली पांढरट मऊ लव. "सेबुच, सफरचंदच वाटतं आंटी, पण नाशपातीही असेल. नुसत्या सांगण्यावर पाटी नाही लावता येत. फूल दिसलं असतं तर लगेच सांगितलं असतं. यंदा फुललं नाही काय?"

काय सांगू तिला? म्हैसूरच्या जेमतेम थंडीत सफरचंद पानं गाळून झोपतच नाही, आणि झोपल्याशिवाय फुलत नाही, म्हणून दर डिसेंबरात हे स्टुलावर चढून त्याची सगळी पानं हातानं खुडायचे. वॉकिंगला येणारे हसायचे. "सुम्ने, उगाच कशाला छळता हो त्याला?" मीसुद्धा म्हणायचे. मग गुलाबी कळ्या आल्या की माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

दसऱ्याआधी हे गेले. डिसेंबरात स्टूल घेऊन मी गेले होते की! एका पानाखालच्या त्या मऊ लवेवरनं बोट फिरवलं आणि तशीच परत आले. आळस नव्हे. मग काय?

यंदा पानं खुडायची राहिली, एवढंच रूपाला सांगितलं. "आत्ता खुडलीत तरी चालेल आंटी," ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. फुललं तर पाटी लागेल, यांचं सफरचंद सगळ्यांना कळेल.

पण झाडावर आहेत ती पानं हे असताना फुटलेली. खुडली की पुढे येतील ती सगळी यांनी न बघितलेली.