मॅलिकला घर, डगला गेटबाहेरची जागा

मी, अल्व्हिन ट्रॅमेल, वय एकाहत्तर, राहणार यंग्सटाउन, ओहायो, गुडघे सोडून बाकी सगळे ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दडपण मला नवीन नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, कोणी आडवे पाडू नये म्हणून मध्ये उभे राहणे हाच माझा नऊ वर्षांचा धंदा होता.

१. माझा संपातला फलक त्याच क्वार्टरबॅकला, डग लिंडक्विस्टला द्यावा. पगाराची हमी फक्त त्याच्या करारात होती. आमच्या करारात तीन वर्षे लिहिलेली असत आणि क्लबला वाटेल त्या सकाळी ती संपत. हमी सगळ्यांना मिळावी म्हणून आम्ही संपावर गेलो. दुसऱ्याच आठवड्यात क्लबच्या गेटवर डग आमच्यामधून गाडी घालून आत खेळायला गेला. काच खाली करून म्हणाला, "अल, मनावर घेऊ नकोस यार. मला पोरंबाळं आहेत."

"मग आमच्या घरी काय मांजरं आहेत?" मी म्हणालो.

त्याने माझ्या अंत्यविधीला जरूर यावे, मात्र दफनभूमीच्या गेटबाहेर उभे राहावे. आत घुसण्याची हौस एकदा फिटली आहे.

२. क्लबने माझ्या शवपेटीवर झेंडा घालू नये. माझा गुडघा गेला तेव्हा त्यांचा माणूस सकाळी दारात आला. "कोच बोलावतायत. डावांची वही घेऊन ये." वही परत मागितली की खेळाडू संपला, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक. जखमी माणसाला फुकट काढता येत नाही, म्हणून मी ठणठणीत असल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी कुबड्यांवर उभा होतो. सही केली नाही, वहीही दिली नाही. ती माझ्यासोबत पुरावी.

३. घर व शिल्लक नातू मॅलिक यास. त्याला यंदा एका व्यावसायिक संघाने निवडले, पण पूर्ण हमी देत नाहीत म्हणून तो सही न करता माझ्याकडे बसून आहे. सराव शिबिर सुरू झाले. त्याचा एजंट मला फोन करतो, "आजोबा, समजवा त्याला. सगळेच करतात सही." परवा मॅलिकनेही विचारले, "आजोबा, किती दिवस टिकेन मी?" मला फार वाईट वाटले.

पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती: हमीशिवाय सही केलीस तर घर मिळणार नाही. वकील पॅलुम्बोबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मिस्टर ट्रॅमेल, हे अगदी तुमच्या क्लबसारखं झालं." फार झोंबले. अट खोडली आहे.

मॅलिक, सही कर, नको करू, गुडघा मोडून घे, माझ्याशी भांड. घर तुझंच. इथे सकाळी तुझ्याकडे वही मागायला कोणी येणार नाही. आता टिक हवे तेवढे दिवस.

यंग्सटाउन, २८ जुलै २०२५
अल्व्हिन ट्रॅमेल (सही स्वखुशीने)

साक्षीदार:
हेझल बॉट्स, शेजारीण
क्लिफ यूरिच, संपात शेवटपर्यंत गेटबाहेर