पांडूच्या पोटदुखीबाबत

एकोडी, ता. साकोली
दि. ९ डिसेंबर १९८२

श्री. मारोतराव यांस,

लक्ष्मण गुरुजीचा सादर नमस्कार. आम्ही उभयता येथे बरे आहोत. तुमचा डावा गुडघा थंडीत कसा आहे ते कळवावे. (उजवा असल्यास उजव्याचे कळवावे.) लाखांदूरकडे धानाची चुरणी आटोपली असेल. आमच्याकडे अर्धे चुरून झाले, अर्धे खळ्यावर आहे. आमची जनावहिनी, म्हणजे तुमची थोरली बहीण, गेले तीन आठवडे तुमच्याकडे हवापालटासाठी आली आहे. तिची प्रकृती ठीक असावी. तिला जेवण जाते का, झोप लागते का, आणि आमच्याबद्दल काही बोलते का, हे सवडीने कळवावे. घाई नाही.

पत्र लिहिण्याचे कारण ससा.

तुम्ही त्याला पाहिले आहे, पण त्याची हकीकत तुम्हाला कोणी नीट सांगितली नसेल. अठ्ठ्याहत्तर साली मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात मला शाल, श्रीफळ आणि ससा मिळाला. शाल आणि श्रीफळ शाळेकडून. ससा सातवीच्या वर्गाकडून, कारण त्या वर्गातल्या एकाचे मामा, तुमसरचे धानाचे व्यापारी भैय्यालाल, यांच्या घरी ससे फार झाले होते. छत्तीस वर्षे मी मुलांना भूतदया शिकवली, त्यामुळे नको म्हणता आले नाही. मी त्याचे नाव धवल ठेवले. वहिनीने पहिल्याच दिवशी त्याला पांडू म्हटले आणि तो कान वर करून तिच्याकडे गेला. धवल म्हटल्यावर तो आजतागायत हललेला नाही. शेवटी मीही पांडू म्हणू लागलो.

वर्षभरात त्याच्या पोटाचे दुखणे सुरू झाले. माणसाचे पोट दुखले तर तो कण्हतो, बायकोवर ओरडतो, घरादाराला कळते. सशाचे तसे नाही. तो ओसरीच्या कोपऱ्यात पाठ फुगवून, डोळे अर्धे मिटून बसतो आणि दात खातो. गवत पुढे ठेवले तर तोंड फिरवतो. लेंड्या बंद होतात. पोटाला हात लावावा तर ते घट्ट लागते. तो काहीच मागत नाही, मारोतराव. मी पुष्कळ मुले पाहिली, पण इतके मुकाट्याने सोसणारा विद्यार्थी पाहिला नाही.

पहिल्यांदा असे झाले तेव्हा मी त्याला झाकणाच्या टोपलीत घालून एस.टी.ने गुरांच्या दवाखान्यात नेले. पुढे बैल, मागे म्हैस, मधे मी. रजिस्टर लिहिणाऱ्याने जनावर कोणते म्हणून विचारले. ससा म्हटल्यावर त्याने रकाने वरून खाली दोनदा पाहिले आणि "शेळी (लहान)" असे लिहिले. (शुद्धलेखनाची चूक नव्हती म्हणून मी गप्प राहिलो.) डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी पांडूला टेबलावर घेतले, पोटाला कान लावून बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "गुरुजी, आतडं मंदावलंय, वायू धरलाय. हे पूर्ण बरं होईल असं मी सांगणार नाही. सांभाळावं लागेल. याला दिवसभर गवत चावत राहू द्या. हरळी द्या, सुकलेलं गवत द्या. धान, पीठ, गूळ, तळलेलं, गोड, सगळं बंद. दुखेल तेव्हा कोमट पाणी थेंबथेंब पाजा, पोट हलक्या हातानं चोळा आणि अंगणात चालवा. घरात कोणी याला काही खायला देतं का?"

मी नाही म्हटले.

घरी आल्यावर मी पाटीवर नियम लिहून ओसरीच्या खांबाला टांगले. सशास गवताखेरीज काही देऊ नये. हुकूम न पाळणाऱ्याची गय होणार नाही. (आमच्या सौ. शकुनबाईंनी विचारले, कोणाची गय? घरात आपण तीनच माणसे. मी पाटी सरळ केली.) तरीसुद्धा दर दोन-तीन महिन्यांनी दुखणे उलटत राहिले. एक-दोन दिवस तो न खाता बसायचा, मग आपोआप बरा व्हायचा. आपोआपच होतो अशी माझी समजूत होती, आणि त्याचे श्रेय मी माझ्या पाटीला देत असे.

आता यंदाच्या दिवाळीवर येतो. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, आमच्याकडे पाहुणे नेहमीपेक्षा जास्त आले. रात्रीचा दंडारीचा खेळ पाहायचा म्हणून आलेले पाहुणे दिवसभर ओसरीवरच बसून असतात, आणि ओसरीवरच ससा. मी पाटी दाखवून प्रत्येकाला समज दिली. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी पांडू पाठ फुगवून बसला होता आणि त्याच्या पोत्यावर अनारशाचा तुकडा पडलेला होता. पंधरा माणसे चहा घेत होती. वहिनी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. मी तो तुकडा उचलून सर्वांना दाखवला आणि विचारले, "वहिनी, हा कोणी दिला?"

तिने तुकड्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "मीच देल्ला असन, भाऊजी. सोडा आता."

मी सोडले नाही. सवय वाईट असते. मुक्या जनावराच्या जिवाशी खेळ, अडाणी माया, शिस्त नसलेले घर, असे मी सुमारे पाव तास बोललो. (नंतर सौ.ने अर्धा तास असे सांगितले. तिच्याकडे घड्याळ नाही.) वहिनी खाली मान घालून ऐकत होती. माझ्या थोरल्या भावाच्या मागे ती एकोणीस वर्षे या घरात राबली, आणि मी तिला पंधरा पाहुण्यांपुढे, हातात तांदळाचे सूप असताना, दुसरीतल्या पोरासारखे ऐकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या गाडीने ती तुमच्याकडे आली. जाताना एवढेच म्हणाली, "पांडूले पाहजा."

झाले ते झाले. चूक तिच्याकडून मायेपोटी झाली, आणि मी मनाने तिला केव्हाच क्षमा केलेली आहे, हे तुम्ही जाणावे.

वहिनी गेल्यावर आठव्या दिवशी पांडूचे दुखणे जे उलटले ते आपोआप बरे होईना. शनिवार गेला, रविवार उजाडला. लेंडी नाही, पाणी नाही, दात खाण्याचा तो बारीक आवाज सकाळपासून चाललेला. शेजारची पंचफुला विळा मागायला आली. तिने पांडूकडे पाहून विचारले, "जनाबाई नाही त याचं पोट कोन चोळते गुरुजी?"

मी म्हटले, पोट तर माझ्या माहितीप्रमाणे कोणीच चोळत नव्हते.

"काहून? रोज दुपारी चोळे ना ते. तुमी झोपून राहत होते तवा. अन् फाटेच उठून बांध्याईच्या धुऱ्यावर हरळी कोन तोडे? मी तिच्यासंग जात होती. पानी लागलेलं गवत पदराले पुसून मंग टोपलीत टाके."

चार वर्षे, मारोतराव. मला वाटत होते की गवत येते. गवत आपोआप येत नाही हे मी भूगोलात शिकवलेले आहे.

त्या रविवारी मी पंचफुलेबरोबर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेलो आणि ओणवा होऊन हरळी तोडली. (धोतरावर चिखल. गावाने पाहिले.) कोमट पाणी कापसाच्या बोळ्याने पांडूच्या ओठाशी धरले. पोट चोळायला गेलो तर त्याने माझा अंगठा फोडला. वहिनीला तो कधी चावल्याचे पंचफुलेला आठवत नव्हते. मी पुन्हा हात लावला. सौ.ने बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीशी ठेवले. अंगणात मी चार पावले पुढे, तो अर्धे पाऊल मागे, असे आमचे फिरणे चालले. दुपारी तीनच्या सुमारास त्याने मान टाकली, आणि मी, ज्याने सेवेत असताना कधी पोराच्या डोळ्याला पाणी आले तरी पाढा थांबवला नाही, तुळशीजवळ खाली बसलो आणि त्याला मांडीवर घेऊन नुसता पांडू पांडू म्हणत राहिलो. त्याच्या छातीचा ठोका बोटांना लागत होता म्हणून तेवढा धीर होता.

सूर्य कलताना त्याने मांडीवर पाच लेंड्या टाकल्या. मी सौ.ला हाक मारली. पंचफुलाही धावत आली. आम्ही तिघांनी त्या पाहिल्या. तुम्ही हसाल, पण त्या क्षणी मला बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागल्यासारखे वाटले. मग त्याने हरळीची एक काडी ओढली, थांबला, दुसरी ओढली.

आज तो बसून खातो आहे. पण पहिल्यासारखा नाही. मी चोळतो ते त्याला रुचत नाही. तो अंग चोरतो आणि उंबऱ्याकडे पाहतो.

असो. वहिनीस नमस्कार. मुलांस आशीर्वाद. पत्र घेऊन येणाऱ्या ईश्वरला चहा पाजावा, तो पाच मैल सायकलने जाऊन मग गाडी धरणार आहे.

आपला,
लक्ष्मण गुरुजी

ता. क. वहिनीची लोकरी शाल खुंटीवर राहिली होती, ती ईश्वरबरोबर पाठवली आहे. परत पाठवू नये, तिची तिनेच आणावी.

ता. क. दुसरी. काल डॉक्टर या बाजूला आले असता घरी येऊन गेले. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि मी पुन्हा नाही म्हटले, आणि ते गेल्यावर मला जेवण गेले नाही. मारोतराव, मी रोज पहाटे चहा घेताना ग्लुकोजचे बिस्कीट खातो. त्यातले अर्धे चहात बुडवून पांडूला देतो. चार वर्षे देत आलो. निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात शाळेच्या वेळेला कोठे जावे कळत नव्हते, तेव्हा सुरू झाले. आणि तो अनारसा माझ्या ताटातला होता. वहिनी "मीच दिला" म्हणाली तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, आणि तेवढ्यावरच मी पाव तास बोललो. अर्धा तास. वरील पत्रात मी तिला क्षमा केल्याचे लिहिले आहे ते खोडावे. बिस्किटे त्या रविवारपासून बंद आहेत. मंगळवारी नऊच्या गाडीने मी लाखांदूरला येतो. कृपा करून ही दुसरी ता. क. तेवढी तिला वाचून दाखवा, वरचे पत्र वाचू नका. ती येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगा, मी स्टँडवरूनच परत फिरेन.

भाऊ, मी शकुन. हे पाकिटाले डिंक आनाले गेले तवर लिहून राहिली. बिस्किटाचं मले पहिल्यापासून मालूम होतं. जाऊबाईलेबी मालूम होतं. मी एकदा म्हटलं, सांगून देऊ काय याइले, त मले म्हणे, राहू दे, सकाळी त्याइले बोलाले दुसरं कोन आहे? खाऊ दे अर्धं बिस्कीट, पोट मी चोळून देईन. पाव्हण्याइपुढं मी चूप राहिली हे माहं चुकलं, ते मी जाऊबाईच्या पाया पडून सांगीन. मंगळवारी हे स्टँडवर बसून राहतील, घराकडे येतो म्हनतील अन् येनार नाही. तुमी कोनी नका जाऊ आनाले. तिलेच धाडा.