फितूर बोकड

१२ नोव्हेंबर
आजपासून मी वरकीश खोऱ्याचा राखणदार. पद सध्या टेंपररी आहे. शिकारीचा मोसम नीट पार पडला तर परमनंट करू, असं गावच्या समितीचे अध्यक्ष अरबाब खुशवक्त म्हणाले. सर्वांसमोर म्हणाले, हे महत्त्वाचं. आता त्यांना शब्द फिरवता येणार नाही.
आठवीवर शाळा सुटलेल्या माणसाला परमनंट या शब्दाने काय होतं, ते परमनंट लोकांना कळायचं नाही.
संकल्प: सकाळ-संध्याकाळ फेरी. खाडा नाही. समितीने दिलेलं नारिंगी जॅकेट रोज घालायचं.

१४ नोव्हेंबर
यंदाचा बोकड सापडला! म्हातारा आयबेक्स, म्हणजे पहाडी रानबोकड. शिंगं पाठीपर्यंत वळलेली. त्यांवरची वर्षांची वळी दुर्बिणीतून मोजली. वय भरपूर, म्हणजे मारायला पूर्ण कायदेशीर. एकदोन हिवाळ्यांत तो उपाशी किंवा बर्फाखाली मरणारच. त्यापेक्षा परदेशी साहेबाच्या गोळीने मेला तर परवान्याच्या पैशातला मोठा वाटा गावाला मिळतो आणि मुलींच्या शाळेतल्या दोन्ही बाईंचा पगार निघतो. अट एकच. बोकड आपल्या हद्दीत पडला पाहिजे. ओढ्यापलीकडे पुरझिन गावची हद्द. तिकडे पडला तर पैसे पुरझिनचे.
बोकडाचं नाव वझीर ठेवलं.
शंबीमामाला हे सगळं समजावून सांगितलं. मामा आईचा सख्खा भाऊ, जुना चोरशिकारी, आता गुडघ्यांमुळे रिटायर. म्हणाला, भाच्या, आम्ही मारला की गुन्हा आणि साहेबाने मारला की संवर्धन, एवढं कळायला आठवीपर्यंत जावं लागलं का तुला? मी म्हटलं, तुमच्यासारख्यांमुळेच खोऱ्यात बोकड उरले नव्हते. म्हणाला, जे उरले ते माझ्याच कृपेने, माझा नेम कधीच चांगला नव्हता.
अडाणी माणसाशी वाद घालायचा नाही, असा संकल्प केला.

२० नोव्हेंबर
वझीरची आणि माझी ओळख झाली आहे. मी खोकलो की तो मान वर करून बघतो. मग थोडा वर सरकतो. वर ऊन चांगलं असावं.
फेऱ्या वाढवल्या. शिट्टीही घेतली. लांडगा आला तर लांब पळेल.

२६ नोव्हेंबर
गावात जो तो वझीरबद्दल विचारतो. केवढा आहे, शिंगं केवढी, साहेब खूश होईल ना. इतक्या नजरा एका जनावरावर! रात्रभर झोप नाही. सकाळी आईकडून धुरीचे इस्पंदाचे दाणे घेतले, तव्यात निखारे घेतले आणि वर जाऊन त्याची दृष्ट काढली. धूर वाया जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहून उभा राहिलो. धूर थेट त्याच्यापर्यंत पोचला. त्याने नाक फेंदारलं, पाय आपटला. लगेच गुण आला म्हणायचा.
आई म्हणाली, घरातल्या माणसांची दृष्ट काढायला दाणे ठेवशील ना रे?
संकल्प: हे रोज करायचं.

३ डिसेंबर
पुरझिनचा राखणदार जुमागुल. ओढ्यापलीकडे दगडी झोपडीच्या भिंतीला टेकून दुपारभर झोपतो. जॅकेट नाही, शिट्टी नाही. मला बघून त्याने एक डोळा उघडला आणि ओरडला, काय तैगून, याक हरवला का? सकाळपासून वरखाली करतोयस! मी म्हटलं, ड्युटीवर आहे. तो म्हणाला, अरे मग बसून कर की, ये, चहा पी. मी नाही गेलो. ड्युटीवर असताना पलीकडच्या हद्दीतला चहा प्यायचा की नाही याचा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि लिहिलेला नाही ते मी करत नाही.
अशा माणसाला पुरझिनने परमनंट केलं आहे. परमनंट!

११ डिसेंबर
वझीर ओढ्यापाशी दिसला. खरं लिहायचं तर ओढ्याच्या पलीकडच्या काठावर दिसला. पाहुणा म्हणून गेला असेल. रात्री परत येत असणार.
त्याला बोलवायला शिट्टी वाजवली. त्याने ऐकलं. नक्की ऐकलं, कारण उडी मारून आणखी पलीकडे गेला.
मामाला सांगायला नको होतं. म्हणाला, भाच्या, लग्न झालं की बायकोच्या मागे असा फिरू नकोस, चार दिवसांत माहेर गाठेल बिचारी.
संकल्प: दृष्ट दोन्ही वेळा काढायची.

१९ डिसेंबर
लाइटनर साहेब आले. ऑस्ट्रियाचे. मिशा पांढऱ्या, गुडघे मामासारखे. त्यांना घेऊन आलेला गिलगिटचा शिकारीचा ठेकेदार त्यांचं बोलणं उलगडून सांगतो. आमच्याकडे जेवले. भाकरी कुस्करून दह्यालोण्यात कालवलेला मलीदा दोनदा मागून घेतला. म्हणाले, आमच्या गावातही शिकारीच्या पैशावर जंगल राखतात, पण आता तरुण पोरं येत नाहीत. माझा मुलगा फोन विकतो आणि मांस खात नाही. मग विचारलं, इथे कोण कोण शिकार करतं? मी अभिमानाने सांगितलं, कुणीच नाही, आम्ही फक्त राखतो. मामा ठेकेदाराला म्हणाला, विचार त्यांना, सोबतीला नेम चुकवणारा माणूस हवा आहे का.
साहेबांना उद्याच वझीर दाखवतो, असं मी वचन दिलं. अरबाब समोरच होते.

२० डिसेंबर
नाही दिसला. लेंड्या दिसल्या. सुकलेल्या.
साहेबांना म्हटलं, थंडी जास्त आहे, लपला असेल. साहेब म्हणाले, आयबेक्स थंडीत लपतो?

२१ डिसेंबर
आजचा दिवस विसरणार नाही.
साहेबांनीच दुर्बीण पलीकडे फिरवली. अख्खा कळप पुरझिनच्या उतारावर. वझीर जुमागुलच्या झोपडीच्या वरच पाय पोटाशी घेऊन बसलेला. माझ्याकडे पाठ. ज्याच्यासाठी मी महिनाभर पायांची सालटं काढली, ज्याची सख्ख्या आईच्या दाण्यांनी दृष्ट काढली, त्याने माझ्याकडे पाठ केली.
ठेकेदार शांतपणे म्हणाला, हरकत नाही, पुरझिनचाही परवाना आहे माझ्याकडे. मी त्याचा हात धरला. म्हटलं, मला तासभर द्या, मी वरून वळसा घालून त्याला आपल्या हद्दीत हाकलतो. साहेब दम खायला खडकावर बसलेच होते. मी धावत निघालो.
झोपडीपाशी जुमागुल आडवा आला. म्हणाला, थांब गड्या, ही आमची हद्द, इथे तू जनावर हाकलू शकत नाहीस. नियम आहे. नियम मला माहीत होता. मी थांबलो. त्याने हाताला धरून बसवलं आणि पेला दिला. म्हणाला, ओठ बघ कसे निळे पडलेत, पी आधी.
पेला हातात असतानाच गोळीचा आवाज आला.
चहा खारा होता, दाट लोण्याचा. चांगला होता, हे फक्त इथे लिहितो.

२५ डिसेंबर
वझीरची शिंगं आणि कातडं साहेबांनी नेलं. मांस पुरझिनचं. रीतीप्रमाणे शेजारी म्हणून आमच्याकडेही वाटा आला. सोबत त्यांच्या अध्यक्षांचा निरोप: तुमच्या राखणदाराचे आभार, पुढच्या वर्षीही त्यालाच ठेवा.
मी मांस खाल्लं नाही. रस्सा घेतला. रस्सा म्हणजे मांस नव्हे.
फितूर कोण कोण, याचा पूर्ण विचार केला. वझीर तर उघडच. जुमागुलने मला चहात अडकवलं. ठेकेदाराने मुद्दाम दोन परवाने घेतले. साहेबांनी माझ्याच घरचा मलीदा खाऊन पलीकडे गोळी झाडली. आणि वारा.
मिटिंगमध्ये सगळं मांडणार. मुद्दे पाठ केले.

४ जानेवारी
मुद्दे मांडले. अरबाबांनी मधे तोडलं नाही. मग विचारलं, पोरा, दिवसात वर कितीदा जायचास? मी सांगितलं. शिट्टी वाजवायचास? हो. आणि इस्पंद जाळायचास, वाऱ्याच्या बाजूने, सकाळ-संध्याकाळ? मी म्हटलं, एकदाही चुकलो नाही.
कोपऱ्यातून कुणी तरी फिसकन हसलं आणि अख्खी मिटिंग फुटली. अरबाब डोळे पुसत म्हणाले, अरे, धूर म्हणजे माणूस आणि माणूस म्हणजे बंदूक, हे बोकडाचं दूधपितं पिल्लूसुद्धा जाणतं. तू त्याला राखलं नाहीस, हाकून पुरझिनच्या दारात बांधलंस.
यंदा शाळेतल्या एकाच बाईंचा पगार निघेल. पगार बुडणाऱ्या दुसऱ्या बाई म्हणजे गुलनमाबाई, ज्यांनी लहानपणी मला घरी बोलावून जोडाक्षरं शिकवली. त्या मिटिंगला होत्या. हसल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, तू मनापासून केलंस रे. तेवढं म्हणाल्या नसत्या तर बरं झालं असतं.
राखणदाराचं पद परमनंट केलं. शंबीमामाला. अरबाब म्हणाले, आम्हाला वर न चढणारा माणूस हवा आहे. मामा आधी नको म्हणाला. परमनंट ऐकल्यावर हो म्हणाला.
सख्खा मामा.
जॅकेट घडी करून परत दिलं. मामाला ते पोटावर बसत नाही.

२२ जानेवारी
बर्फ. मामाची ड्युटी चुलीपाशी चालते. खिडकीतून दुर्बीण लावतो, मग झोपतो.
त्याला लिहिता येत नाही. महिन्याचा रिपोर्ट त्याने सांगायचा, मी लिहायचा, अंगठा त्याचा. यात मला पगार नाही, पण शुद्धलेखन गावात दुसऱ्या कुणाचं बरं नाही, म्हणून आईने हो म्हणायला लावलं.
आज लिहिलं: कळप आपल्या हद्दीत परतला आहे. दोन मोठे नर आहेत, पुढच्या मोसमाला चालतील. रिपोर्टात पुढे ‘कारण’ असा रकाना आहे. मी मामाकडे बघितलं. मामा विस्तव सारखा करत म्हणाला, राहू दे भाच्या, तो रिकामा सोड, कोण वाचतंय.
रिकामा रकाना मला सोडवत नाही. लिहिलं: वाटेवर हल्ली कुणी नसतं.