पाठवणीची धून

पौड, गुरुवार, वैशाख वद्य पंचमी

आज भुकूमच्या लग्नात नवरीच्या पाठवणीला आमच्या बँडपार्टीने ती संथ विलायती धून वाजवली, आणि नवरीच्या म्हाताऱ्या चुलत्याने डोक्यावरचा फेटा काढला. पलटणीतला माणूस. ताठ उभा, फेटा छातीशी.

धून संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, ही तर सोल्जराच्या मयताची. तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

मी म्हणालो, "नाही हो."

खोटं! गोऱ्या साहेबाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवत अशा किती शवपेट्यांपुढे चाललोय मी. पण धून सोपी, माझ्या नवशिक्यांना आठवड्यात बसली. इथं कोणाला कळतंय, म्हटलं. किती लेकी पाठवल्या तिच्यावर, कोण जाणे.

तेवढ्यात नवरीचा बाप डोळे पुसत आला. "लई ग्वाड वाजिवलं. गाडी निघंस्तवर पुन्यांदा हुं द्या."

चुलता माझ्याकडे बघत राहिला. भावासमोर फेटा पुन्हा डोक्यावर नीट बसवला. मी दुसरी धून सांगायला हवी होती. पण बापाने 'का' विचारलं असतं तर?

क्लॅरोनेट तोंडाला लावलं.

नुकताच नीट बसवलेला फेटा चुलत्याने पुन्हा काढला.