चौथी ओळ

पौष शुद्ध २, शके १८६७

अक्षरं मला येत न्हाईत. मी बोलते, नात इरम्मा लिहिते. "सावकाश सांगा आज्जी, हात मोडंल माझा!" — हेबी लिही!

निजामाची शाळा उर्दूची. म्हणून मास्तर सांजच्याला देवळाच्या ओसरीवर पोरींना मराठी शिकवतात. आता नवं खूळ — चार ओळींची कविता, सगळे शब्द एकाच अक्षरानं सुरू! इराला 'ज' मिळाला. जिभेचा ज अन् जात्याचा ज एक कसा गं? कानाला तर दोन लागतात! म्हणती, कागदावर एकच. कागद बहिरा म्हणायचा.

पौष शुद्ध ५

तीन ओळी झाल्या —

जड जातं, जाड जोंधळा,
जावा जुंपल्या जात्याजवळ,
जीभ जोरात, जातं जागीच!

"ह्या जावा कोण गं?"
"तुम्ही अन् धाकटी आज्जी."
चोंबडी!

पौष शुद्ध ६

मास्तर घरी आले. म्हणाले, पोरगी हुशार हाय, सोलापूरला मुलींच्या शाळेत घाला, राहायला त्यांच्या बहिणीचं घर हाय. माझा लेक वीरप्पा, इराचा बाप — सुपारी कातरत बसला. मग म्हणतो, "पुनवेपर्यंत चौथी ओळ होऊ द्या. झाली तर धाडतो." दगड हाय नुसता!

पौष शुद्ध ९

ओळ न्हाई.

पौष शुद्ध १२

आज संक्रांत. ओळ न्हाई. इरा रडली. म्या तीळगूळ दिला. दुसरं काय देणार!

पौष शुद्ध १३

इरा, आज मधी बोलू नको. लिही.

चौथी ओळ मला सहा-सात दिवसांपासून ठाऊक हाय. दळता दळता आली. सांगितली न्हाई. तू गेलीस तर माझं कोण लिहील? माझ्याशी कोण भांडंल? म्हणून तोंडात धरून बसले. घे —

जेवता जेवता जुळली जोडी.

इरानं टाक खाली ठेवला. मग म्हणाली, "ही तुमची हाय आज्जी. मला नको." माझ्याकडं बघंना. पण सगळं लिहिलं. एक अक्षर गाळलं न्हाई.

पौष पौर्णिमा

केली! स्वतःची केली!

जोंधळा जिंकला, जावा जायबंदी!

मास्तर हसून हसून बेजार. माझी गोड होती, हिची तिखट. हिचीच बरी. मला येऊन बिलगली अन् कानात म्हणती, "जायबंदी तुम्हीच." वीरप्पा उठून गोठ्यात गेला. पण शब्द दिलेला.

पौष वद्य ८

इरा काल गेली. आज वीरप्पा लिहितोय. आधी मागची पानं वाचत बसला, म्या अडवलं न्हाई. 'दगड'बी वाचलं असंल. शेवटी म्हणाला, "अव्वा, ती ओळ होऊ नये असं मलाबी वाटत हुतं."

मग दौत जवळ ओढली. "सांगा."