एक्केचाळिसाव्या पानावरचा किनारा

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाळूने माखलेला साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? छापखान्यातलं जुनं यंत्र अजून कुरकुरतं का? (मामींबद्दल विचारत नाहीये.) आम्ही दोघं इथे खुशाल आहोत, म्हणजे निदान ताप वगैरे काही नाही.

मामा, बेटावरच्या किनाऱ्यांचं प्रवासपुस्तक तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत, तेव्हा बजावलं होतंत की त्यात एक किनारा खोटा घाल, म्हणजे कुणी पुस्तक चोरून छापलं तर चोर आयता सापडेल. मी बेट पाहिलेलंच नव्हतं. (बाकीचे अकरा किनारेही तुमच्या कचेरीत पंख्याखाली बसूनच पाहिले, आता लपवून काय उपयोग?) त्यामुळे बारावा रचायला काहीच जड गेलं नाही. एक्केचाळिसाव्या पानावर ठोकून दिलं: पांढरी वाळू, पाणी कंबरभर, सावली भरपूर, टपालपेटीची सोय. टपालपेटी केवळ ओळ भरावी म्हणून.

तुमच्या सूनबाईने सुट्टीसाठी नेमका तोच निवडला. मी सगळे किनारे पायाखाली घातलेत असं लग्नापासून सांगत आलोय, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? म्हटलं, थांब्यावर तासभर उभं राहू, बस येणार नाही, नशिबाला बोल लावू आणि मागे फिरू. बस आली. पाटीवर मी रचलेलं नाव होतं. चालकाने तिकीट मागितलं नाही, पुस्तक मागितलं. "दुसरी आवृत्ती का? बसा," म्हणाला.

वाळू पांढरी आहे. पाणी कंबरभर आहे, मामा. काल सकाळभर मी आत आत चालत गेलो, तरी कंबरभरच. सावली भरपूर आहे, झाड मात्र एकही नाही. (सावली कशाची पडलीय हे मान वर करून बघायचं, असं रोज ठरवतो.) बस आम्हाला सोडून गेली ती गेलीच. मला भीती वाटतेय, आणि ती तुमच्यापाशी कबूल करायला कसली लाज? लेकीला तिच्या मावशीकडे ठेवलंय. रविवारी न्यायला येतो, असं तिला बोटांवर मोजून दाखवलं होतं. तो रविवार होऊन गेला. खिडकीत बसली असेल पोर. "मागच्या वेळी आलात तेव्हा परत कसे गेलात?" असं हिने विचारलं, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. तेव्हापासून अबोला आहे. नुसती टपालपेटीकडे बोट दाखवते.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. तिसरी आवृत्ती शुक्रवारी यंत्रावर चढतेय ना? प्रत्येक किनाऱ्याखाली 'परतीची बस' असा रकाना आहे. बाराव्याचा मी कंटाळून कोरा सोडला होता. तिथे 'दुपारी चार' एवढं घाला. हात जोडतो.

आणखी एक. बसमध्ये जागा किती, तेही लिहा. पहिल्या आवृत्तीचे लोक अजून इथेच आहेत, एकशे बारा जण. हिचा अबोला फक्त माझ्याशी असल्यामुळे पुस्तक कुणी लिहिलं ते सगळ्यांना कळलंय. आत्ता भोवती उभे राहून पत्र वाचताहेत. छापलं कुणी, असं त्यांनी विचारलं. मी तुमचा पत्ता दिलाय. बस आली की आधी तिकडेच यायचं म्हणताहेत.