अर्ध्या अर्ध्या बांध्या

माय, त्या साली तलाव अर्धाच भरला होता आणि धान पोटरीत आलं होतं. आपल्या बांध्या, आपली धानाची खाचरं, साऱ्यांत शेवटी. पाणी वरून खाली सोडायचं, असं सरपंचानं ठरवून टाकलं. म्हणजे त्याचं वरचं धान पिकणार, आपलं वाळणार. पंचायत नवीनच होती, हात वर करून आपणच त्याला निवडलेलं. बोलणार कोण?

म्हातारे मात्र अडून बसले. पाण्याचा तंटा असला की गावाची रीत ठरलेली. घरागणिक एक वस्तू टोपलीत टाकायची, गावातल्या आंधळ्या आजीनं त्यातल्या काही उचलायच्या. ज्यांच्या वस्तू निघतील ते चिंचेखाली बसून निवाडा करतील आणि निकाल लागेपर्यंत उठणार नाहीत. बाबा चामोर्शीच्या बाजाराला गेलेले, म्हणून तू हातातला भाजी परतायचा सराटाच टाकलास. तोच निघाला! "बाईमाणूस कुठी बसते?" कोणीतरी ओरडलं. आजी म्हणाली, "सराटा जिचा, ते बसन."

बाबा परतले ते धावतच चिंचेखाली. "आपल्याले पह्यलं पानी माग," एवढं तुझ्या कानात सांगून घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा चुलीपुढे बसले. भात असा करपला की कुत्र्यानंही तोंड फिरवलं. मी अजून हसते.

दुपार कलते आहे. सरपंच तणतणतो आहे, "मले गावानं निवडलं, मंग हे काऊन?" तू पदर सावरतेस. "निवडलं ना भाऊ, कारभार तुमीच करा. पन कोनाचं धान सुकू द्याचं, हे आमाले इचारा." मग तूच म्हणतेस, "सगळ्याइच्या अर्ध्या अर्ध्या बांध्या वाचवू. आमच्याबी अर्ध्याच."

बाबा दोन दिवस फुगून होते. पण त्या वर्षी कोणाच्याच घरी चूल थंड राहिली नाही, आणि तलावाचं तोंड सरपंचानं स्वतः उघडलं. किती बरं वाटलं होतं, माय!

आता गावानं मला सरपंच म्हणून निवडून दिलं आहे. मोठ्या तोंडानं तुझी गोष्ट सगळ्यांना सांगत असते. परवा ग्रामसभेत मी रस्त्याचं आधीच ठरवून गेले होते, तर एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, आमाले इचारलं काऊन नाई?" सभा थांबवली, सगळ्यांना विचारलं, रस्ता तिच्या टोल्यावरच्या वस्तीकडून वळवला. सारं नीट झालं. पण तुलाच सांगते, आधी मला तिचा रागच आला.